मानेमागचं नाव

अंगातला शर्ट किंवा कुर्ता काढून मानेच्या आतली बाजू बघा. तिथे एक पट्टी शिवलेली असते. तिला आम्ही मेन लेबल म्हणतो. तिच्या खाली साइज. बगलेखालच्या शिवणीत आणखी एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर बादली, इस्त्री, त्रिकोण अशी चित्रं असतात. ती कोणी वाचत नाही, आणि टोचते म्हणून बरेच जण घरी आल्यावर कापूनच टाकतात. कपडा कुठे तयार झाला ते बारीक अक्षरात कुठेतरी असतं. कोणाच्या हातून झाला ते कुठेच नसतं.

माझी सगळी नोकरी या पट्ट्यांच्या आसपास गेली. मी शिंपी नाही. मशीनवर बसवलंत तर मला आजही सरळ शिलाई मारता येणार नाही. मी प्रॉडक्शनचा माणूस. कापड आलं का, कटिंग झालं का, बटणं कमी का पडली, माल वेळेत गाडीत चढणार का, ही माझी कामं. कोणी विचारलं तर ‘कपड्यांच्या लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगायचो. मुळात मी कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्याकडून काही काढून घ्यायचं म्हणजे पाणी नसलेल्या नळाखाली बादली लावून बसायचं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ‘कपडे विचारपूर्वक कसे निवडावेत, मोठे ब्रँड सोडून शाश्वत कपड्यांकडे कसं वळावं’ यावर लिहायला सांगितलं. तेही येईल थोडंफार. पण त्यासाठी मी पेन हातात घेतलेलं नाही.

आधी मी ठाण्यात, कोलशेतला एका एक्सपोर्टच्या कारखान्यात होतो. खाडीच्या बाजूला. आता त्या जागेवर टॉवर आहे. तिथे एकाच टेबलावर, एकाच ताग्यातून कापलेले, एकाच मापाचे शर्ट निघायचे. सकाळच्या मालाला एक लेबल लागायचं, जेवणानंतरच्या मालाला दुसरं. सकाळचा शर्ट काचेच्या दुकानात हँगरवर लटकायचा, दुपारचा सेलच्या ढिगात पडायचा. पुढे कोणी अंगातल्या शर्टाची कंपनी सांगायला लागला की मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, तू जेवणाच्या आधीचा आहेस.

परदेशातली गिऱ्हाइकं अधूनमधून माणूस पाठवायची, कामगारांना नीट वागवतात की नाही ते बघायला. याला सोशल ऑडिट म्हणतात. तारीख आधीच कळायची. मग आग विझवायचे लाल सिलिंडर भिंतीवर चढायचे, संडासात साबण यायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांकडून उत्तरं पाठ करून घ्यायचो. ओव्हरटाइमची सक्ती असते का? नाही सर, माझ्या मर्जीने करतो. सुट्टी मिळते का? रविवारची मिळते सर. आमच्या इस्त्रीवरच्या तात्यांनी तर देवाचं स्तोत्र म्हणावं तसं घोकलं होतं. साहेब समोर आले, दुभाष्याने विचारलं, “आपलं नाव काय?” तात्या ताठ उभे राहून म्हणाले, “रविवारची मिळते, सर.”

हा किस्सा आम्ही पुढे किती दिवस पुरवला. तात्या स्वतःसुद्धा हसायचे. मीही हसलो, उत्तर मीच पाठ करून घेतलेलं.

त्या कारखान्यात एक गोष्ट मात्र खरोखर पाळली जायची. सुई तुटली की काम थांबायचं. तुटलेल्या सुईचं टोक कापडात राहिलं तर ते पुढे कोणाच्या तरी अंगात जाणार. म्हणून तुकडे शोधायचे, जुळवून टेपने कागदावर चिकटवायचे, सुई पूर्ण झाली की मगच नवी मिळायची. टोक नाही सापडलं तर त्या मशीनवरचा माल बाजूला. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली की घरी बायकोची सुई हरवली तरी मी पलंग ओढायचो.

पुढे मालकाने कारखाना हलवला आणि मी पन्नाशीला घरी बसलो. तेव्हा मृणाल भेटली. चांगली नोकरी सोडून तिने कपड्यांचं स्वतःचं काम काढलेलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, आता तो नाही. हातमागाचं सुती कापड, झाडपाल्याचे रंग, कापडाची चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही, आणि मुख्य म्हणजे शिवणाऱ्या बायकांना महिन्याचा पगार, पीसवर, म्हणजे नगामागे मोजून, काम नाही. मला म्हणाली, “काका, तुम्हाला या धंद्यातल्या सगळ्या चोरवाटा माहीत आहेत. म्हणूनच तुम्ही हवेत.” काका मला तिनेच पहिल्यांदा केलं.

डोंबिवलीत कोपरला, पिठाच्या गिरणीच्या वर आमची खोली. सहा मशीन, सहा बायका, मधे कटिंगचं टेबल. काळ्या कापडावर पीठ बसायचं म्हणून काळा कपडा गिरणी बंद असेल तेव्हाच कापायचा. दुकान ठाण्याला, माजिवड्याला, मृणाल तिकडे. शिवाय ठाण्या-कल्याणच्या हॉलमधली प्रदर्शनं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ निळीचा कुर्ता घेऊन परत आले. नैसर्गिक नीळ सुरुवातीला रंग सोडते, हे आम्ही चिठ्ठीत लिहायचो, पण चिठ्ठी कोण वाचतंय. म्हणाले, “आमचा अख्खा सोफा निळा झालाय. आता तोही तुमच्याकडे नैसर्गिक म्हणून विकायला ठेवू का?” डोंबिवलीच्या प्रदर्शनात एक आजी कापड चोळत म्हणाल्या, “हे धुवायचं कसं?” मी सांगितलं, थंड पाण्यात, वेगळं, न पिळता, सावलीत वाळत घालायचं. म्हणाल्या, “आणि घालायचं कधी?”

लोक मला विचारत, अजूनही विचारतात, कुठला ब्रँड चांगला हो? म्हणजे मनाला टोचणी न लागणारा? मी सांगतो, कपाटात आहे तोच अजून दोन-तीन वर्षं घाला, बटण तुटलं तर लावा. हे उत्तर कोणालाच आवडत नाही. त्यांना काहीतरी विकत घेऊन चांगलं व्हायचं असतं. यात मी कोणाला हसत नाही. मीही तिथे नोकरी करून चांगला व्हायलाच गेलेलो. आणि पहिली काही वर्षं झालोही असेन. जेवणाच्या सुट्टीत त्या सहा जणींच्या डब्यांमधलं माझ्या ताटलीत यायचं आणि मला कोणाकडून काही पाठ करून घ्यावं लागायचं नाही.

एक दिवस मृणाल आली ती नवी कल्पना घेऊन. प्रत्येक कपड्याच्या मानेमागे, आमच्या लेबलाच्या खाली, शिवणाऱ्या बाईचं नाव. छापील नाही, तिच्या अक्षरात. ‘हे मी शिवलं’ आणि खाली सही केल्यासारखं नुसतं नाव. प्रत्येकीने कागदावर लिहायचं, त्याचा रबरी शिक्का करून घ्यायचा, न जाणाऱ्या शाईने सुती पट्टीवर उठवायचा.

बायकांनी आधी खूप दंगा केला. शोभाताई सगळ्यांत मोठ्या, त्या म्हणाल्या, “माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लोक म्हणतील, डिझाइन आहे.” एकेकीने लिहिलं. शेवटी एक जण पेन धरून बसून राहिली.

“सर, कुठलं नाव लिहू?”

“कुठलं म्हणजे? तुमचं.”

“माझी दोन आहेत.”

मला तोपर्यंत ती संगीता म्हणून माहीत होती. कामाला घेताना तिने दाखवलेल्या कागदांवर संगीता होतं. गल्लीत ती संगीतावहिनी. ते नाव लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं. माहेर माण तालुक्यातलं, तिथे ती द्वारका.

“तिकडे आता कोण हाक मारतं द्वारका म्हणून?” शोभाताईंनी विचारलं.

“आई मारायची. ती गेली. भाऊ पण आता संगीताच म्हणतो, दाजींना बरं वाटावं म्हणून.”

“अगं, आणि घरी कळलं तर?”

“कोण बघतंय दुसऱ्याच्या मानेमागे!” ती म्हणाली आणि लिहायला लागली. जोडाक्षर नीट येईना. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर ‘द्वारका’ उतरलं, जरा तिरकं, ‘का’ची काठी लांब ओढलेली. शाळेत शेवटचं कधीतरी लिहिलेलं असणार. मग सगळ्याच तिला द्वारका म्हणायला लागल्या. पहिले काही दिवस तिला हाक पोचायला वेळ लागायचा, दुसऱ्या खोलीतून कोणी बोलावल्यासारखी मान वर करायची. नंतर सवय झाली. जिना चढली की द्वारका, उतरली की संगीता.

शिक्के माझ्या टेबलाच्या खणात राहायचे. इथून पुढचं सगळं त्या खणातून निघालं.

नावांची कल्पना चालली. दुकानात येणाऱ्या बायका मान उलटून नाव वाचायच्या, फोटो काढायच्या. आणि का कोण जाणे, त्यांना द्वारका फार आवडायची. नाव जुनं, अक्षर तिरकं, त्यामुळे असेल. दुकानातली मुलगी फोनवर सांगायची, “सर, द्वारकाचे पाठवा ना जास्त. लोक विचारतात, द्वारका का और है क्या?” मी हे द्वारकाला सांगितलं तेव्हा ती लाजली आणि त्या दिवशी दुपारी तिने सगळ्यांना भजी खायला घातली.

मग एका दिवाळीच्या आधी मृणालने मोठी ऑर्डर घेतली. नको म्हणण्यासारखी ती वेळ नव्हती. दुकान जेमतेम चाललेलं. मला फोनवर म्हणाली, “काका, होईल ना?”

सहा जणींच्या हातून ते होणार नव्हतं. हे मला फोन ठेवायच्या आधी कळलेलं. मी म्हटलं, “होईल.”

कसं होईल ते तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आमच्या धंद्यात बरीचशी पापं अशी न विचारता, न सांगता होतात.

कल्याणच्या पुढे एक शेड होती. चालवणारा माझ्या जुन्या ओळखीचा. वर पत्रा, आत पंखे बंद, कारण वाऱ्याने कापड उडतं. सगळे पीसवर. जितके शिवाल तितकं. सुईबिई कोणी जुळवत बसत नाही, तुटली की दुसरी. मला हे सगळं ठाऊक होतं, मी डोळ्यांनी बघितलेलं. गडद निळ्या कुर्त्यांचा अख्खा लॉट कापून मी त्या शेडमध्ये पाठवला. आमच्या नमुन्याबरहुकूम शिवून घेतला. फक्त खालच्या घेराच्या आत, दुमडीत, लाल धाग्याचा एक टाका घालायला सांगितला. बाहेरचा माल परत आला तर मला ओळखता यावा म्हणून. ही हुशारी माझी.

राहिल्या मानेमागच्या पट्ट्या. एका रविवारी दुपारी मी एकटाच कोपरला आलो. गिरणी बंद होती. खणात सहा शिक्के होते. सगळे थोडे थोडे वापरता आले असते, निदान ते तरी. मी एकच बाहेर काढला. मागणी तिला होती. पट्टी लांब पसरली आणि उठवत गेलो, द्वारका, द्वारका, द्वारका. मानेला त्या शेडमध्येच लावून घेतल्या. एका बाईच्या हातून एवढे कुर्ते होणं शक्य नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल असं मला वाटत होतं. कोणाच्याही आलं नाही.

दिवाळी पार पडली. तुळशीची लग्नं लागली असतील नसतील, एक बाई आमच्या खोलीचा जिना चढून आल्या. साठीच्या, चष्मा, हातात कापडी पिशवी. दुकानातून पत्ता घेऊन ठाण्याहून आलेल्या.

“द्वारका इथेच काम करतात ना?”

शोभाताईंना वाटलं कोणी कौतुक करायला आलंय. अशा येत कधीकधी. “ही काय आमची फेमस द्वारका! ऊठ गं, फोटो काढायचा असेल.”

बाईंनी पिशवीतून गडद निळा कुर्ता काढून कटिंगच्या टेबलावर ठेवला. “मी भांडायला नाही आलेय,” त्या म्हणाल्या. “नातवाला खांद्यावर घेतलं होतं. झोपत आलेला, एकदम किंचाळला. बघते तर डोळ्याच्या खाली ओरखडा, हा एवढा, रक्त आलेलं.” त्यांनी बोटाच्या पेराने दाखवलं. मग पर्समधून कागदाची पुडी काढून उघडली. आत सुईचं टोक. “खांद्याच्या शिवणीत होतं. जरा वर लागलं असतं तर काय झालं असतं?”

सगळी मशीनं थांबली. मी कुर्ता उचलला, बघतोय असं दाखवत खालचा घेर उलटला. लाल टाका होता.

आता बोलायचं होतं. वाक्य अगदी लहान होतं. हा इथे शिवलेला नाही, एवढंच. पण ते बोललो असतो तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. शेड, शिक्का, मृणाल, पगारी बायका, शाश्वत, सगळं. मी घेराची घडी नीट करत बसलो.

द्वारका पुढे आली. तिने मान उलटून पट्टी बघितली. वर्षभरात निळे कुर्ते तिने पुष्कळ शिवले होते, कुठला कधीचा हे तिला कसं आठवणार? कोणालाच आठवलं नसतं. तिने पट्टीवर विश्वास ठेवला.

“माझ्याच हातून झालं असणार, बाई,” ती म्हणाली. “नाव माझंच आहे.” आणि तिने हात जोडले.

बाई विरघळल्या. “अहो, हात कसले जोडता. लक्ष असू द्या, एवढंच सांगायला आले. तुमचं नाव बघून घेतला होता ना मी, म्हणून जास्त वाईट वाटलं.”

“बदलून देतो,” मी म्हटलं. त्या अख्ख्या प्रसंगात मी बोललो ते एवढंच.

संध्याकाळी जिन्यात तिने मला गाठलं. “सर, दिवाळीच्या आधी माझी एक सुई तुटलेली. टोक मिळालेलं ना? तुम्हीच चिकटवलंत, मला आठवतंय.”

मिळालं होतं. तीन तुकडे, मीच टेप लावलेली. हे तिला सांगितलं असतं तर शेड, शिक्का काहीही न सांगता तिची सुटका झाली असती.

“मिळालं असेल,” मी म्हटलं.

नंतर कितीदा तरी मी ते वाक्य दुरुस्त करून पाहिलं आहे. ‘मिळालं होतं.’ एवढाच फरक होता.

त्यानंतर द्वारका बदलली. कुठल्याशा फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक तिने आणलं आणि शिवून झालेल्या प्रत्येक कपड्यावरून फिरवायला लागली, आधी बाहेरून, मग आतून. शोभाताई चिडवायच्या, “द्वारके, भंगारवाल्याकडे लाग, दुप्पट कमावशील.” ती हसायची नाही. तिचा वेग कमी झाला. शिवता शिवता थांबून बोटं शिवणीवरून फिरवायची, परत थांबायची. मी तिला काही बोलत नसे. बाकीच्यांना वाटायचं, सर किती समजून घेतात.

मी मृणालला सांगायचा प्रयत्न केला. माजिवड्याच्या दुकानात गेलो, दार लोटून घेतलं, म्हटलं, “त्या दिवाळीच्या ऑर्डरचं जरा बोलायचंय.” तिने माझ्याकडे बघितलं. ती हुशार मुलगी आहे. म्हणाली, “काका, मला माहीत असायलाच हवं का ते?” मी म्हटलं, “नसेना का.” मग आम्ही पिशव्यांच्या नव्या ऑर्डरबद्दल बोललो. तिला मी दोष देत नाही. मला थांबायला निमित्त हवं होतं, ते तिने दिलं.

आणि एक दिवस द्वारका माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पदर बोटाला गुंडाळत. “सर, एक मागायचं होतं. माझा शिक्का बदलून द्याल?”

“का?”

“द्वारका नको. संगीता करा.”

“पण तुम्हालाच तर—”

“नको सर. उद्या परत कोणाच्या पोराला लागलं तर ते संगीताच्या नावावर जाऊ दे. ते काय, सगळे वापरतात. द्वारका माझ्या आईची आहे.”

मी दुसऱ्याच दिवशी संगीताचा शिक्का करून आणला. इतक्या तत्परतेने मी त्या खोलीतलं दुसरं कुठलं काम केलं नसेल. जुना शिक्का ती मागेल असं वाटलेलं. तिने मागितला नाही, आणि तो मी काय केला ते इथे लिहायचीही मला लाज वाटते. कचऱ्यात टाकला.

पुढे दुकान बंद पडलं. त्याचा याच्याशी संबंध नाही. अशी दुकानं बंद पडतात. सगळ्या जणी इकडेतिकडे गेल्या, मीही घरी बसलो.

हे सगळं पहिल्यांदा बायकोला सांगितलं ते याच वर्षी, एका रविवारी. आम्ही दोघं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. शर्टाची मान समोर आली आणि मी बोलायला लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझं माहेरचं नाव सांगा बघू.”

“शुभदा,” मी म्हटलं.

“आठवतंय म्हणजे. बोलवलंत कधी?”

आमच्या लग्नात मानसी हे नाव आईने निवडलेलं. ताटात तांदूळ पसरलेले, त्यात अंगठीने ते लिहिलं मी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातही आलेलं नव्हतं. “अहो, मी भांडत नाहीये,” ती म्हणाली. “मला मानसीची सवय झाली. पण त्या बाईला जाऊन सांगा. मला सांगून काय उपयोग?”

संपादकांचा फोन आला तो त्यानंतर. तेव्हा ठरवलं, लिहायचं तर हेच, आणि छापायच्या आधी तिला सांगायचं.

द्वारका कोपरलाच राहते. घरी साड्यांना फॉल लावते, ब्लाउजं उसवून सैल करते. मी दुपारी गेलो. गल्लीत विचारलं तर एक मुलगी ओरडली, “संगीताकाकू, तुमच्याकडे कोणीतरी!” तिने चहा केला. मग साडी परत मांडीवर घेतली आणि म्हणाली, “बोला सर, मी हात चालू ठेवते, साडीवालीला संध्याकाळी पाहिजे.”

मी सांगितलं. शेडचं, शिक्क्याचं, लाल टाक्याचं. जिन्यातल्या ‘असेल’चं. ती फॉल लावत राहिली. पदरापर्यंत आली, गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

“म्हणजे ती मी नव्हते.”

“नाही.”

“आणि तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. त्या बाई समोर उभ्या होत्या तेव्हा.”

“हो.”

तिने साडीवरून हात फिरवला. “मी त्या पोराच्या डोळ्यासाठी नवस बोललेले, सर. देवीला खण-नारळ. गावाला जाऊन फेडून पण आले. घरच्यांना सांगितलं, पायाच्या दुखण्याचा आहे.” मग एकदम आवाज चढला. “कोणाच्या चुकीचा नवस फेडला मी?”

मी चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

“किती कपड्यांवर उठवलंत?”

“पुष्कळ.”

“म्हणजे लोकांच्या कपाटात मी शिवलेलं कुठलं नि तुमचं कुठलं, कोणाला कळायचं नाही.”

“बाहेरच्या मालाला आत तो लाल टाका—”

“तो तुम्हाला कळणार. मला काय त्याचं?”

खाली कोणीतरी कांदे-बटाटे ओरडत गेला. मी तिला दिवाळी अंकाचं सांगितलं. हे सगळं लिहून देतोय, म्हटलं, पण काळजी करू नका, तुमचं नाव बदलतो.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “परत बदलता?”

मी खाली बघितलं.

“नको. द्वारकाच लिहा. आणि तो कुर्ता तिने शिवला नव्हता, ते लिहा. सुरुवातीला, मधे, कुठं पण लिहा, पण सरळ लिहा. ‘असेल’ नको.” मग म्हणाली, “त्या बाई वाचतात का असलं?”

“माहीत नाही.”

“वाचत असतील. चष्मा होता.”

मी उठलो. तिने बसा म्हटलं नाही. दारापर्यंत आली नाही. पुढची साडी उलगडून ती फॉलच्या टोकाला टाचणी लावत होती.

तर लिहितो. ठाण्याच्या त्या बाईंनी विकत घेतलेल्या गडद निळ्या कुर्त्याच्या खांद्यात जे सुईचं टोक निघालं, ते द्वारकाच्या मशीनचं नव्हतं. द्वारकाची सुई तुटली होती, तिचे तीनही तुकडे सापडले होते, ते मी माझ्या हाताने चिकटवले होते. तो कुर्ता द्वारकाने शिवला नव्हता. तिचं नाव त्यावर मी उठवलं.